चिमूटभर खनिजं आणि तळ्यातले मासे
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मैत्रिणींनो,

कामं आटोपून बसला असाल, किंवा हातातलं काम चालू ठेवून ऐकत असाल. आज मत्स्यशेतीबद्दल बोलायचं आहे. विषय निघाला एका पत्रावरून.

एका बचत गटातल्या ताईंनी लिहिलंय, की आमच्या गटानं गावचा एक एकराचा तलाव ठेक्यानं घेतला. कर्ज काढून रोहू, कटला आणि मृगळ यांच्या सहा हजार बोटुकल्या सोडल्या. पाच महिने झाले, पण मासे दीडशे ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. रोज सकाळी भाताचा कोंडा टाकतो, कधी ढेपही टाकतो. दुकानात विचारलं तर म्हणाले, "खनिजांची कमी आहे, मिनरल मिक्स्चर टाका." डब्यांचे पैसे बरेच होतात. आमच्याकडे पुढच्या हप्त्याचेच पैसे आहेत. ते यात घालावेत का?

ताई, प्रश्न तुमचा असला तरी तो पुष्कळ गटांचा आहे. तुमच्या हप्त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते. त्याआधी खनिज म्हणजे काय आणि माशाला ते किती लागतं, हे नीट पाहू. ते समजलं की दुकानात आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

खनिजं आपल्याला नवी नाहीत. गरोदर बाईला लोहाची गोळी मिळते. बाळाला जुलाब झाले की आशाताई मिठा-साखरेच्या पाकिटाबरोबर झिंकच्या गोळ्या देतात आणि चौदा दिवस द्या म्हणून बजावतात. झिंक म्हणजे जस्त. धानाच्या बांधीत रोप तांबूस पडून खुरटलं की झिंक सल्फेट टाकतात, तेही जस्तच. माणूस असो, धान असो की मासा, ही खनिजं सगळ्यांना लागतात.

यांचे दोन गट आहेत. कॅल्शियम, फॉस्फरस, मीठ ही जरा जास्त लागणारी. लोह, जस्त, मँगनीज, तांबं, आयोडीन, सेलेनियम ही अगदी थोडी लागणारी. या दुसऱ्या गटाला सूक्ष्म खनिजं म्हणतात. सूक्ष्म म्हणजे किती? सायप्रिनस माशावर झालेल्या अभ्यासातून असं दिसलं, की शंभर किलो खाद्यात लोह साधारण पंधरा ग्रॅम, जस्त तीन ग्रॅम, मँगनीज सव्वा ग्रॅमच्या आसपास आणि तांबं ग्रॅमचा तिसरा हिस्सा असलं की पुरतं. आयोडीन आणि सेलेनियम त्याहूनही कमी.

हिशेब घरचा करून बघा. तळ्यात हजार मासे आहेत आणि एकेक दोनशे ग्रॅमचा आहे, म्हणजे एकूण वजन दोनशे किलो. वजनाच्या दोन टक्के खाद्य धरलं तर दिवसाला चार किलो. या चार किलोत जस्त हवं १२० मिलिग्रॅम. मोठ्या बाळाला देतात त्या झिंकच्या एका गोळीत २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे हजार माशांच्या एका दिवसाच्या खाद्यात सहा गोळ्यांइतकं जस्त असलं की झालं! (हे फक्त अंदाज यावा म्हणून सांगितलं. बाळाच्या गोळ्या तळ्यात टाकायच्या नाहीत हं.)

इतकंसं असलं तरी ते नसून चालत नाही. जस्त कमी पडलं तर माशाची भूक मंदावते, वाढ खुंटते, पर झिजतात आणि काही जातींच्या माशांच्या डोळ्यात मोतीबिंदूसारखी पांढरी टिक येते. लोह कमी पडलं तर आपल्यासारखाच माशालाही पंडुरोग होतो, लालभडक असायचे ते कल्ले फिके दिसतात. मँगनीज किंवा फॉस्फरस कमी पडलं तर हाडं नीट बनत नाहीत, डोक्याचा किंवा शेपटीचा आकार बिघडतो.

आयोडीनची तर गोष्टच आहे. १९१०च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ट्राउट नावाचे मासे पाळत. त्यांच्या गळ्याशी गाठी येऊ लागल्या. पुष्कळांना तो कर्करोग वाटला. डेव्हिड मरीन नावाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की हा गलगंड आहे. पाण्यात अगदी थोडं आयोडीन घातलं तर गाठी ओसरतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९१७पासून त्यांनी ॲक्रन या शहरातल्या शाळकरी मुलींना आयोडीन देऊन पाहिलं, त्यांचाही गलगंड थांबला. त्यानंतर १९२४मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात आयोडीनचं मीठ बाजारात आलं. आज आपल्या डब्यात जे आयोडीनयुक्त मीठ आहे, त्याच्या वाटेवर माशांचंही एक पाऊल आहे!

आता मुद्द्याचं. माशाला ही खनिजं मिळतात कुठून? तीन ठिकाणांहून. पाण्यातून, तळ्यात आपोआप वाढणाऱ्या जीवांतून आणि आपण टाकतो त्या खाद्यातून.

मासा कल्ल्यांवाटे पाण्यातलं कॅल्शियम थेट अंगात घेऊ शकतो. गाईला हे जमत नाही. म्हणून गाईला लागतं तेवढं कॅल्शियम माशाच्या खाद्यात घालायची गरज नसते. पण पाण्यात फॉस्फरस अगदी कमी असतो, तो खाण्यातूनच यावा लागतो. सूक्ष्म खनिजंही बहुतेक खाण्यातूनच येतात.

मातीच्या तळाचा तलाव असेल, आपल्याकडच्या मामा तलावासारखा, तर तिथे गाळ असतो, शेवाळ असतं, पाण्यात हिरवट रंगाचे बारीक जीव असतात, किडे-अळ्या असतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. हे त्यांचं घरचं जेवण, आणि त्यात खनिजं असतातच. मासे बेताचे असतील तर अशा तलावात वरून खनिजं देण्याची गरज सहसा पडत नाही.

प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्याची गोष्ट वेगळी. तिथे पाण्याचा आणि मातीचा संबंधच तुटतो. नैसर्गिक खाणं कमी होतं. मासे दाट सोडले असतील तर ते संपूर्णपणे आपल्या हातच्या खाद्यावर जगतात. पिंजऱ्यातल्या माशांचंही तसंच. आपण देऊ तेच त्यांना मिळणार, म्हणून त्यांच्या खाद्यात सगळं असावं लागतं. कारखान्यात बनलेलं तयार खाद्य वापरत असाल तर त्यात खनिजं आधीच घातलेली असतात. पोत्यावरची चिठ्ठी वाचा. त्यावर आणखी डबा ओतणं म्हणजे खारट वरणात पुन्हा मीठ.

मग प्रश्न कुठे येतो? घरी बनवलेल्या कोंडा-ढेपेच्या खाद्यात.

कोंड्यात आणि ढेपेत जस्त, लोह, फॉस्फरस बरंचसं असतं. पण धान्याच्या आणि तेलबियांच्या दाण्यात फायटेट नावाचा एक पदार्थ असतो. त्यातला बहुतेक फॉस्फरस या फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, आणि हे फायटेट जस्तालाही धरून बसतं. पेटीत पैसे आहेत, पण किल्ली नाही, तसं. आपण कडधान्यं भिजवतो, मोड आणतो, पीठ आंबवतो, तेव्हा हे फायटेट काही प्रमाणात मोकळं होतं. आपल्या आज्यांना फायटेट हे नाव माहीत नव्हतं, पण रीत माहीत होती. माशांसाठीही ढेप रात्रभर भिजवून घेण्याची रीत आहे, ती चांगली आहे. फक्त भिजवलेलं पाणी फेकू नका, त्यातच कोंडा कालवा.

आपल्या माशांची आणखी एक अडचण आहे. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस या माशांना जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं. जठरातलं आम्ल नाही, म्हणून हाडाच्या भुकटीसारखी कठीण खनिजं त्यांना विरघळवता येत नाहीत. सायप्रिनसवर झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. फॉस्फरस तीन रूपांत दिला. मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला ९४ टक्के माशाच्या अंगी लागला, डायकॅल्शियममधला ४६ टक्के आणि ट्रायकॅल्शियममधला, म्हणजे हाडात असतो त्या प्रकारातला, फक्त १३ टक्के. म्हणून डब्यावर नुसतं "फॉस्फरस आहे" एवढं वाचून भागत नाही, तो कोणत्या रूपात आहे ते पाहावं लागतं. जस्ताचंही तसंच, सल्फेटच्या रूपातलं सहसा ऑक्साइडपेक्षा चांगलं लागू पडतं.

काही डब्यांवर "चिलेटेड" असं लिहिलेलं असतं. म्हणजे खनिज प्रथिनाच्या कणाशी बांधलेलं असतं, त्यामुळे फायटेट त्याला लवकर पकडू शकत नाही. कल्पना चांगली आहे, पण किंमत जास्त असते, आणि सगळ्याच प्रयोगांत फायदा सारखा दिसलेला नाही. आपल्या गटानं आधी साधं मिश्रण नीट वापरायला शिकावं, मग महागाकडे जावं.

आता तीन गोष्टी करू नका.

एक, गाई-म्हशीचं मिनरल मिक्स्चर माशाला घालू नका. त्याचा मोठा भाग कॅल्शियम असतो. माशाला ते तेवढं नको असतं, आणि खाद्यात कॅल्शियम व फॉस्फेट फार झालं तर जस्त शोषलं जाण्यात अडथळा येतो. म्हणजे जस्तासाठी डबा आणला आणि होतं तेही जस्त अडवलं.

दोन, शेतात टाकायचं झिंक सल्फेट किंवा मोरचूद तळ्यात किंवा खाद्यात अंदाजानं घालू नका. शेतीचा माल खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. आणि मोरचूद म्हणजे तांबं. खाद्यात कणभर तांबं माशाला हवं, पण तेच पाण्यात विरघळलं तर थोड्या प्रमाणातही विष ठरतं, विशेषतः पाणी मऊ असेल तर. सेलेनियमचंही तसंच, गरज आणि विष यांच्यातलं अंतर फार कमी आहे. "थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं?" हे खनिजांच्या बाबतीत म्हणायचं नाही.

तीन, भुकटी पाण्यावर शिंपडू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या गटाच्या पहिल्या वर्षी मासे पहाटे पाण्यावर तोंड काढून हवा घ्यायचे. आम्हाला वाटलं, अशक्त झालेत. मी डबा आणला आणि काठावरून मूठ-मूठ शिंपडला. मासे तसेच. पुन्हा शिंपडला. एक दिवस सकाळी वीस-पंचवीस मासे पालथे तरंगताना दिसले. नंतर कळलं, की पहाटे पाण्यातला प्राणवायू संपत होता. उरलेलं खाद्य तळाशी कुजत होतं आणि आम्ही त्यावर आणखी टाकत होतो. आजार श्वासाचा होता आणि मी औषध रक्ताचं देत होते. शिंपडलेली भुकटी तर माशाच्या तोंडी गेलीच नव्हती, पाण्यात विरघळून गाळात बसली होती. गटाच्या बैठकीत ते पैसे माझ्या नावावर लिहा म्हणून मी सांगितलं. बायकांनी लिहिले नाहीत, पण मी ते विसरले नाही.

मग खनिजं द्यायचीच असतील तर कशी द्यायची? खाद्याच्या आत. आणि इथे आपला स्वयंपाकघरातला हात कामाला येतो.

माशांसाठीचंच मिश्रण घ्या. डब्यावर कोणतं खनिज किती आहे, मात्रा किती आणि मुदत कधीपर्यंत, हे लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर घेऊ नका. साधारण रीत शंभर किलो खाद्याला एक किलोची असते, पण डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

समजा दहा किलो खाद्य करायचं आहे, तर मिश्रण शंभर ग्रॅम. ते एकदम दहा किलोवर टाकलं तर एका गोळ्यात भरपूर जाईल आणि दुसरा कोरा राहील. म्हणून दुपटीनं मिसळायचं. शंभर ग्रॅम मिश्रणात शंभर ग्रॅम चाळलेला कोंडा घालून हातानं नीट एकजीव करा. ते दोनशे झालं. त्यात दोनशे ग्रॅम कोंडा, मग चारशेत चारशे. असं वाढवत दहा किलोपर्यंत जा. वेळ पाच-दहा मिनिटं जास्त लागतो, पण प्रत्येक घासात सारखं पडतं.

चिकटपणासाठी दहा किलोतलंच किलोभर गव्हाचं पीठ किंवा मैदा काढून त्याची खळ शिजवा. ही खळ पूर्ण गार होऊ द्या, कारण बऱ्याच डब्यांत खनिजांबरोबर जीवनसत्त्वंही असतात आणि ती उष्णतेनं मरतात. मग सगळं मळून गोळे करा, किंवा शेवेच्या साच्यातून काढून सावलीत वाळवा. तळ्यात फेकू नका. बांबूला टांगलेल्या भोकाच्या पोत्यात किंवा दोरीनं सोडलेल्या परातीत ठेवा. दोन तासांनी परात वर काढून बघा. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

खाद्य आठ-पंधरा दिवसांपुरतंच बनवा. लोह आणि तांबं यांच्यामुळे खाद्यातलं तेल लवकर खवट होतं. ढेपेला बुरशीचा वास आला तर ती माशांना नको आणि गुरांनाही नको. भुईमुगाच्या ओलसर ढेपेतल्या बुरशीचं विष यकृत बिघडवतं, त्यावर कोणतंही खनिज औषध नाही.

फायदा झाला की नाही, हे कसं कळणार? डोळ्यांनी नाही, काट्यानं. महिन्यातून एकदा फेकजाळं टाकून तीस-चाळीस मासे काढा, एकत्र वजन करा, सरासरी काढा आणि वहीत लिहा. गटाकडे दोन शेततळी असतील तर एकात मिश्रण द्या, दुसऱ्यात देऊ नका. बीज, संख्या, खाद्य सगळं सारखं ठेवा. एकच तळं असेल तर सांभाळून अर्थ लावा. थंडीत मासा कमी खातो, कमी वाढतो. थंडी सरल्यावर वाढला आणि तेव्हाच डबा आणला होता, म्हणून श्रेय डब्याला देऊ नका.

आणि लक्षणं पाहून स्वतःच निदान करू नका. वाकडी पाठ जीवनसत्त्व क कमी पडल्यानंही होते. फिके कल्ले परजीवींमुळेही होतात. असे मासे दिसले तर दोन-तीन जिवंत मासे पाण्यासकट घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. नागपूर आणि उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत, तिथेही विचारता येतं.

आता पत्र लिहिणाऱ्या ताईंकडे येते.

ताई, तुमचा तलाव मातीचा आहे. एक एकरात तुम्ही सहा हजार बोटुकल्या सोडल्या. साधारण हेक्टरी पाच ते दहा हजार, म्हणजे एकरी दोन ते चार हजार सोडतात. तुमच्या तलावात पंगत मोठी आणि स्वयंपाक थोडा, असं झालेलं दिसतं. म्हणून हप्त्याचे पैसे डब्यात घालू नका. आधी ही कामं करा, यांना पैसे कमी आणि कष्ट जास्त लागतात.

पहाटे पाच वाजता तळ्यावर जा. मासे वर तोंड काढत असतील तर अडचण हवेची आहे. खाद्य आणि शेण थांबवा, जमेल तर ताजं पाणी सोडा. मग फेकजाळं टाकून अंदाज घ्या, खरंच किती मासे उरलेत. दाटी असेल तर मोठे-मोठे काढून विका. त्यातून हप्त्याला हातभार लागेल आणि उरलेल्यांना जागा मिळेल. पाण्याचा सामू तपासून घ्या. तो कमी असेल तर गुंठ्याला दोन किलोपासून चुना लागतो, किती ते तपासणीवरून ठरवा. कोंडा फेकणं बंद करा. कोंडा आणि भिजवलेली ढेप समसमान घेऊन पोत्यात किंवा परातीत, वजनाच्या हिशेबानं द्या.

एवढं करून दोन महिने वहीत वजन लिहा. बहुतेक त्यातच फरक दिसेल. तरीही वाढ अडली, माशांची संख्या जास्तच ठेवायची असली आणि भर घरच्या खाद्यावरच असला, तर माशांसाठीचा एक छोटा डबा घ्या आणि सांगितलं तसं मिसळून द्या. तेव्हा ते पैसे वाया जाणार नाहीत.

मैत्रिणींनो, मिठाशिवाय वरण अळणी लागतं, पण डाळच नसेल तर मीठ घालून वरण होत नाही. पाणी, जागा आणि पोटभर खाणं ही डाळ. खनिजं हे मीठ. क्रम उलटा झाला की पैसे तळ्यात जातात.

तुमच्या तळ्याची वही लिहीत असाल तर तिच्यातले आकडे आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. ताई, तुम्ही तर जरूर कळवा. हप्ता भरलात हेही ऐकायला आवडेल.

नमस्कार.